सूज किती, यापेक्षा ती कुठे चालली आहे

जननेंद्रियांवरची लिंगपुष्टी शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात एकच प्रश्न रात्रंदिवस छळतो: हे असेच राहणार का? ड्रेसिंग निघते, आरसा हातात येतो आणि त्यात दिसते ते सुजलेले, काळेनिळे, टाक्यांनी ओढलेले, एका बाजूला जास्त फुगलेले अंग. वर्षानुवर्षे मनात जपलेल्या रूपाशी त्याचा मेळ बसत नाही. अनेकजण तिथेच खचतात आणि घरातली माणसेही त्याच घटकेला निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल वेळेआधीचा असतो. पहिल्या तीन महिन्यांत जे दिसते त्यात साचलेल्या पाण्याचा आणि जखम भरताना चाललेल्या उलथापालथीचा वाटा मोठा असतो. सर्जनने घडवलेला आकार त्याखाली दडलेला असतो. म्हणून या काळात सूज किती आहे यावर डोळे लावून बसू नये, ती कुठल्या दिशेने चालली आहे हे पाहावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. दिशा ओळखता आली की विनाकारण घाबरणे थांबते आणि खरा धोका आला तर तोही लवकर कळतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकाला ही ओळख जास्तच लागते. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरवर चौदा तालुके पसरलेले. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा पुण्यामुंबईत होते आणि आठ-दहा दिवसांनी माणूस अकोले, पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातल्या आपल्या घरी येतो. नगर शहरातूनच पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, गावाकडून ते आणखी लांब. दर दोन दिवसांनी सर्जनसमोर जाऊन ‘बघा, हे ठीक आहे का’ असे विचारण्याची सोय इथे नाही. घरातल्या खोलीत, पाठीमागे उशी लावून पडलेल्या माणसाने आणि त्याच्याजवळ असलेल्या आईने, बहिणीने, गुरूने किंवा मैत्रिणीनेच रोजचा अंदाज घ्यायचा असतो. तो अंदाज भीतीवर किंवा ऐकीव माहितीवर बसवण्याऐवजी शरीराच्या ठरलेल्या चालीवर बसवता येतो.

ती चाल अशी. कापलेल्या जागी रक्त थांबले की शरीर आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंद करते आणि त्यांच्या भिंती झिरपत्या करते, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि दुरुस्तीचे सामान जखमेपर्यंत पोहोचते. त्यांच्याबरोबर पाणी आणि प्रथिनेही बाहेर येतात, हीच सूज. एरवी हे पाणी लसिकावाहिन्या उचलून परत रक्तात नेऊन सोडतात, पण या शस्त्रक्रियेत त्याही कापल्या गेलेल्या असतात आणि नव्या वाटा तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून पाणी येते पटकन आणि जाते सावकाश. त्यातच ही जागा धडाच्या सर्वांत खालच्या टोकाला, तिथली कातडी सैल आणि मऊ. पायाच्या घोट्याला जेवढी सूज दिसणार नाही तेवढी इथे सहज मावते. नेहमीचा अनुभव असा की सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, दोन आठवड्यांत उतरणीला लागते, सहा ते आठ आठवड्यांत तिचा बराचसा भाग ओसरतो आणि उरलेली थोडी सहा महिने, काहींना वर्षभरही पुरते. निळे-जांभळे डाग वजनाने खाली मांड्यांपर्यंत उतरतात, मग हिरवट-पिवळे होऊन जातात. एका बाजूला जास्त सूज असणे हेही नेहमीचेच, कारण दोन्ही बाजूंच्या वाहिन्या सारख्या कापल्या जात नाहीत आणि आपणही एका कुशीवर जास्त पडतो. जखमेची ताकद मात्र दिसण्यावर जात नाही: तीन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या वीस-तीस टक्के बळ असते, तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आणि पुढेही ती मूळ कातडीइतकी बळकट होत नाही. वरून सुकलेली जखम आतून अजून कच्चीच असते, हे तिसऱ्या आठवड्यात ‘आता बरे वाटतेय’ म्हणून पाण्याचा हंडा उचलणाऱ्याने लक्षात ठेवावे.

या चालीतून रोजच्या वापराचा एक नियम निघतो. सूज सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी पाहावी आणि तिची तुलना कालच्या सकाळशीच करावी. संध्याकाळी ती वाढलेली असणारच, कारण दिवसभर उभे राहिल्याने, बसल्याने, चालल्याने पाणी खाली उतरते. सकाळची सूज संध्याकाळच्या सुजेशी ताडून पाहिली तर माणूस रोज रात्री घाबरेल. एखाद्या दिवशी जास्त हिंडणे झाले, पाहुणे आले, तासभर खुर्चीत बसणे झाले, तर दुसऱ्या दिवशी सूज थोडी वाढेलही. रात्रभराच्या विश्रांतीने ती उतरली तर काळजीचे कारण नाही. एका वहीत तारखेसमोर एवढेच लिहावे: कालपेक्षा कमी, तेवढीच की जास्त, दुखणे कमी की जास्त, ताप किती. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात आणि त्याच स्थितीत फोटो काढून फोनमध्ये कुलूपबंद ठेवावा. रोज फोटो काढू नये. रोजच्या फोटोत फरक दिसत नाही आणि मन मात्र त्यातच अडकते. लाली असेल तर तिच्या कडेने पेनाने बारीक रेघ ओढून ठेवावी. उद्या लाली रेघेच्या आत असेल तर ठीक, रेघ ओलांडून गेली असेल तर डॉक्टरांना फोन करावा.

शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार तपशील बदलतो. वजायनोप्लास्टीत, म्हणजे योनी घडवण्याच्या शस्त्रक्रियेत, आतले पॅकिंग आणि लघवीची नळी साधारण पाच ते सात दिवसांनी काढतात. त्यानंतर भगोष्ठ सुजलेले असल्याने लघवीची धार वाकडी जाते, फवाऱ्यासारखी उडते; बहुतेकांची ती सूज उतरेल तशी सरळ होते. चार ते आठ आठवडे तांबूस, तपकिरी, पिवळसर स्राव येत राहतो. खालच्या बाजूला, जिथे टाक्यांवर सर्वांत जास्त ताण येतो, तिथे टाके थोडे सुटून छोटी उघडी जखम होणे हे इतके नेहमीचे आहे की त्याने कोसळून जाऊ नये. ती सर्जनला दाखवावी, बहुधा ती स्वच्छ ठेवल्याने आतून भरत येते. तीन-चार आठवड्यांनी लालभडक, ओलसर, हात लावताच रक्त येणारे मांस दिसले तर ते भरून येताना जास्त वाढलेले ऊतक असते. दवाखान्यात सिल्व्हर नायट्रेट लावून ते बसवतात. डायलेशन, म्हणजे नवी योनी आकसू नये म्हणून डायलेटर नावाची गुळगुळीत दांडी आत ठेवणे, सुरू झाल्यावर सुजेमुळे पहिले दिवस जड जातात, आणि ‘सूज उतरली की करीन’ असा विचार मनात येतो. तो घातक आहे. पहिल्या महिन्यांत भरणारी जखम आकसत असते; बहुतेक सर्जन दिवसातून अनेक वेळा, ठरलेल्या वेळी डायलेटर वापरायला सांगतात, आणि काही दिवसांची सुट्टी कायमची अरुंदी देऊन जाऊ शकते. जोर लावू नये, पाण्यावर आधारित जेल भरपूर घ्यावे, श्वास सोडत हळू जावे, आणि तरीही जमले नाही तर त्याच दिवशी सर्जनला विचारावे. मनानेच बंद करू नये.

पारलिंगी पुरुषांच्या फॅलोप्लास्टीत किंवा मेटॉयडिओप्लास्टीत, म्हणजे शिश्न घडवण्याच्या शस्त्रक्रियांत, वेगळीच सावधगिरी लागते. फॅलोप्लास्टीत हाताच्या किंवा मांडीच्या कातडीतून घडवलेले अंग नव्या जोडलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगत असते. त्याचा रंग आणि ऊब यांवर पहिले दिवस रुग्णालयातच बारीक लक्ष ठेवतात. घरी आल्यावर ते ठरवून दिलेल्या कोनात, आधार देऊन वर उचललेले ठेवायचे असते. खाली लोंबत राहिले तर सूज वाढते आणि घट्ट चड्डीने दाबले तर रक्तपुरवठा अडतो. बर्फ तिथे लावायचा नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. नवी मूत्रनलिका टाक्यांच्या रेषेतून गळू लागणे ही या शस्त्रक्रियेची ओळखीची अडचण. काही गळत्या आपोआप बंद होतात, काहींना पुढे दुरुस्ती लागते, पण सर्जनला सांगणे मात्र लगेच हवे. ज्या हाताची कातडी घेतली तो हातही सुजतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवले की त्यांचा जीव विनाकारण टांगणीला लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सूज नैसर्गिक आहे असे सांगत राहिले तर लोक खऱ्या धोक्याकडेही काणाडोळा करतील, विशेषतः दवाखाना लांब असेल तेव्हा. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच दिशेचा नियम हवा. शांत सूज दिवसेंदिवस मऊ होत जाते आणि दुखणेही तिच्यासोबत ओसरते. धोक्याची सूज उलटी चालते. पहिल्या दोन दिवसांत एकाच बाजूला झपाट्याने वाढणारी, टणक, प्रचंड दुखणारी फुगी आली तर आत रक्ताची गाठ साचत असू शकते. तिथे सकाळची वाट पाहायची नाही. चौथ्या दिवसानंतर उतरत आलेले दुखणे पुन्हा वाढले, लाली पसरली, पू आला, दुर्गंधी सुटली, ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढून राहिला, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कातडी काळी पडली, नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही, योनीतून हवा किंवा शौच येऊ लागले, रक्ताने तासाभरात पॅड भिजू लागले, तर तेही तसेच तातडीचे. या शस्त्रक्रियेनंतर माणूस बराच काळ पडून असतो, म्हणून एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती वेगळी सूज आहे: पायातल्या शिरेत रक्त गोठलेले असू शकते, आणि त्यापाठोपाठ अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करायचा. पडल्या पडल्या तळपाय वरखाली करत राहणे आणि सर्जनने सांगितल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडेथोडे चालणे हे त्यासाठीच असते.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो, तोही आपुलकीने: आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जसे जपतात तसे जपू, शेक देऊ, धुरी देऊ, तेल लावू. या आपुलकीतला अर्धा भाग फार मोलाचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ सेरेना नंदा यांनी १९९० च्या त्यांच्या पुस्तकात नोंदवले आहे की हिजडा समाजात निर्वाणानंतर, म्हणजे जननेंद्रिय काढून टाकण्याच्या पारंपरिक विधीनंतर, चाळीस दिवस त्या व्यक्तीला प्रसूत स्त्रीसारखे एकांतात, खाण्यापिण्याची बंधने पाळून ठेवत. ती शस्त्रक्रिया दाईच्या हातून, भुलीशिवाय व्हायची आणि जिवावरही बेतायची. तिचे समर्थन करता येणार नाही. पण चाळीस दिवस माणसाकडून काम करून घ्यायचे नाही ही समज शरीरशास्त्राशी जुळते: सहा आठवडे जड काम नको असे आजचे सर्जनही सांगतात. सव्वा महिन्यातली विश्रांती घ्यावी, शेगडी सोडून द्यावी. शेकाने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, सूज वाढते आणि रक्त येऊ शकते. शिवाय नसा कापल्याने कातडी बधिर असते, भाजल्याचे कळतही नाही. धुरी, हळद, कडुलिंबाचा रस, तेल, डेटॉल यांतले काहीही जखमेवर नको. निर्जंतुक करण्याच्या नादात कडक औषधे कोवळ्या नव्या पेशीही मारतात. उकळून गार केलेले किंवा स्वच्छ पिण्याचे पाणी, साधा साबण बाहेरून, वरून खाली धुणे, आणि मऊ कापडाने टिपून कोरडे करणे एवढे पुरते. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात यासाठी पाणी बाजूला भरून झाकून ठेवावे लागेल. बर्फ वापरायचा तर तो वजायनोप्लास्टीनंतर, सर्जनने परवानगी दिलेल्या पहिल्या दिवसांत, सुती कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटे, मध्ये मोकळा वेळ सोडून. बधिर कातडीवर थेट बर्फ ठेवला तर तोही भाजतो.

मेडिकलमधून ‘सूज उतरायची गोळी’ आणण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. सेराशिओपेप्टिडेजसारख्या गोळ्या भरपूर खपतात, पण त्यांनी शस्त्रक्रियेनंतरची सूज लक्षणीय उतरते याचा पुरावा तोकडा आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही, कारण हे पाणी हृदय किंवा किडनीच्या दोषाने साचलेले नसते. उलट नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, चाळीस अंशांच्या पुढे पारा असताना, त्या शरीर कोरडे पाडतील. दुखण्याची कोणती गोळी चालेल हेही सर्जनलाच विचारावे; ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नये. एक गोष्ट मात्र औषधापेक्षा जास्त फरक पाडते आणि तिच्याबद्दल आपण फार मवाळ बोलतो: तंबाखू. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि जखमेचा प्राणवायू तोडते, आणि ते बिडी-सिगारेटमधून येते तसेच गुटख्यातून, मळलेल्या तंबाखूतून आणि मिश्रीतूनही येते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री सकाळी दात घासायच्या नावाखाली घराघरात चालते आणि ‘तंबाखू खाता का’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला तिच्यामुळे ‘नाही’ असे उत्तर जाते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान महिनाभर मिश्रीचा डबा घरातूनच हलवावा.

शौचालयाचा प्रश्न कोणी उघडपणे काढत नाही, म्हणून तो मी मुद्दाम काढते. आपल्याकडे बहुतेक घरांत भारतीय बैठकीचे शौचालय असते. उकिडवे बसताना ताण नेमका टाक्यांच्या रेषेवर येतो, आणि त्यात कुंथणे आले की सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेला जाण्याआधी घरात आणून ठेवावी. मांडी घालून जमिनीवर बसणेही सहा आठवडे बंद. जेवण आडवे-कलते पडून किंवा उभ्याने घ्यावे, आणि बसावेच लागले तर थोडा वेळ, मऊ गादीवर. पोट साफ राहण्यासाठी पाणी, इसबगोल, पालेभाज्या. जखम भरण्यासाठी प्रथिने. ती महाग नसतात: मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगदाणे, अंडी, डाळ, दही यांनी भाकरीच्या ताटात पुरेशी प्रथिने येतात. पथ्य म्हणून डाळ-अंडी बंद करून नुसत्या भातावर ठेवले तर जखम उपाशी राहते. मधुमेह असेल तर साखर काबूत ठेवणे हे कुठल्याही मलमापेक्षा महत्त्वाचे. परतीच्या प्रवासात एसटीच्या मागच्या बाकावर तीन तास हादरे खाणे टाळावे. मोटारीत मागच्या सीटवर कलते पडून, तासातासाला थांबून, पाय मोकळे करत यावे. दुचाकी आणि सायकल महिनोन् महिने लांब राहतील, हे आधीच मनाशी ठरवावे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. सहा आठवडे पडून राहणे हे पगारदाराचे चोचले, रोजंदारीवाल्याने ते कसे करायचे? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात; कोयता थांबला की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाहीच, त्याचे उत्तर नियोजनातच शोधावे लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या झाल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती न घेता कामावर परतलेल्या अनेक बायकांच्या वाट्याला काय आले, हे या परिसराने जवळून पाहिले आहे. त्यामुळे तारीख ठरवताना हंगाम पाहावा: ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणी सुरू होणार असेल तर शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर, मध्ये पूर्ण तीन महिने राहतील अशी घ्यावी. खर्चाचा हिशेब करताना शस्त्रक्रियेच्या बिलाबरोबर त्या तीन महिन्यांची बुडालेली मजुरीही धरावी. ती जमत नसेल तर तारीख पुढे ढकलावी. ढकललेल्या तारखेने जखम बिघडत नाही, घाईच्या परतीने बिघडते.

सर्जन लांब असेल तर जवळ कोण, हा प्रश्नही शस्त्रक्रियेआधीच सोडवायचा असतो. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि फारसे शिक्षण नसलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेमके काय पाहायचे आणि कधी पुढे पाठवायचे हे शिकवले तर गावातली माणसे उत्तम देखरेख करतात, हे जामखेडने जगाला दाखवले. त्याच धर्तीवर शस्त्रक्रियेआधी जवळच्या एका डॉक्टरला किंवा परिचारिकेला विश्वासात घ्यावे. जिल्हा रुग्णालय, लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय, विळद घाटातले विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांपैकी आपल्याला कोणते जवळ आणि रात्री कोणते गाठता येईल हे ठरवून ठेवावे. या शस्त्रक्रियेचा अनुभव नसलेला सर्जनही रक्ताची गाठ मोकळी करू शकतो, अडलेली लघवी सोडवू शकतो, संसर्गाची औषधे देऊ शकतो. फक्त त्याच्या हातात कागद हवा. म्हणून डिस्चार्ज घेताना मागून घ्यावे: कोणती शस्त्रक्रिया, मूत्रनलिका कुठून कशी नेली, कोणत्या नळ्या कधी काढायच्या, डायलेशनचे वेळापत्रक, आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा नंबर. गावात कळेल या भीतीने डॉक्टरपासून शस्त्रक्रिया लपवली तर तो चुकीच्या जागी नळी घालण्याचा धोका असतो. गावाला सांगणे न सांगणे तुमच्या मर्जीवर आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. कोणी उपचारच नाकारले, तर पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यातले तिसरे कलम आरोग्यसेवा नाकारण्याला आणि त्यातल्या अन्याय्य वागणुकीला मनाई करते, हे तिथल्या तिथे सांगता यावे.

शरीराबरोबर मनही सुजलेले असते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या रडण्याला पश्चात्ताप समजू नये. भूल, वेदना, झोपमोड, पडून राहणे, हार्मोनच्या औषधांत पडलेला खंड यांनी कुणाचेही मन खाली जाते. बधिरपणा आणि मधूनच विजेसारखी येणारी कळ यांनी ‘संवेदना गेलीच’ असे वाटते. पण कापलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते, तेव्हा तिला महिने लागणारच. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात अशीच पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती बातमी मराठी वर्तमानपत्रांनी ठळक छापली. पुढचे टप्पे मात्र नंतरच्या काळात पार पडले आणि त्यांच्याकडे तेवढे कोणी पाहिले नाही. वाचकांच्या मनात म्हणूनच असा समज बसला की हे एका दिवसाचे काम आहे. घरात कोणी ‘बघ, काय करून घेतलेस’ म्हणाले तर त्याला वहीतली पाने दाखवावीत. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आकाराविषयीचे प्रश्न तीन महिन्यांच्या तपासणीला न्यावेत. वही आणि आठवड्यांचे बारा-तेरा फोटो बरोबर असले तर सर्जनला सूज कुठे अडली आहे, व्रण कुठे टणक होतो आहे, मसाज कधी सुरू करायचा हे नेमके सांगता येते. एखादी घडी जास्त राहिली, कातडी लोंबली, एक बाजू खरोखरच मोठी निघाली, तर त्याची दुरुस्ती ऊतक मऊ झाल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनंतर ठरते. त्याआधी केलेली दुरुस्ती सुजेवरच बेतलेली असते आणि सूज उतरली की पुन्हा चुकते. सर्जनने ‘अजून थांबू’ म्हटले तर कशासाठी आणि किती थांबायचे, हे विचारून तेही वहीत लिहून घ्यावे.